वल्हं आधी, गळ नंतर : धरणाच्या पाण्यात कयाकवरून मासेमारी शिकणाऱ्यांसाठी

"कयाकवरून मासे धरायचेत, कुठला रॉड घेऊ?" पावसाळा सरला की हा प्रश्न मला हमखास येतो. (कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची लहान होडी, रॉड म्हणजे गळाची काठी.) माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिले तीन रविवार रॉड घरीच ठेवा. नुसतं वल्हं घेऊन पाण्यावर या.

ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो, ते मला दिसतं. पण काठावर उभं राहून गळ टाकताना चूक झाली, तर गळ फार तर बाभळीत अडकतो. होडीत चूक झाली की माणूस पाण्यात जातो, आणि हातात रॉड, पायाशी डबा, गळ्यात कॅमेरा असं सगळं घेऊन जातो. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या छंदातला अर्धा आनंद होडीचाच आहे. डिसेंबरातल्या सकाळी उजनीच्या पाण्यावर वाफ तरंगत असते, वल्ह्याच्या पात्यावरून ठिबकणारे थेंब ऐकू येतात, आणि चार हातांवर टिबुकली हा छोटा पाणपक्षी बुडी मारून वर येते तरी तुमची दखल घेत नाही. इंजिनाच्या बोटीला हे मिळत नाही. तुम्ही पाण्याच्या पातळीला बसलेले असता, आवाज करत नाही, म्हणून माशांच्या फार जवळ जाता येतं. बुडालेल्या बाभळींच्या मधून, गुडघाभर पाण्यावरून, जिथे काठावरून गळ पोचत नाही आणि मोठी बोट शिरत नाही, तिथे कयाक जाते.

मी हे शिकलो ते मुख्यतः उजनीच्या फुगवट्यावर आणि थोडं पवनेच्या बाजूला. त्यामुळे पुढचं सगळं दख्खनच्या धरणांना धरून आहे. समुद्र आणि समुद्राची खाडी हा वेगळा विषय. भरती-ओहोटीचं पाणी या लेखाच्या भरवशावर अंगावर घेऊ नका.

पाणी कोणाचं, मासा कोणाचा

आपल्याकडे धरणाचं पाणी बघितलं की ते सगळ्यांचंच वाटतं. तसं नसतं. बहुतेक जलाशयांत मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. कटला, रोहू, मृगळ यांचं बीज संस्था पैसे देऊन पाण्यात सोडते आणि वर्षभर त्यावर कुटुंबं जगतात. तुम्ही गंमत म्हणून धरलेला तीन किलोचा कटला कुणीतरी बोटभर असताना विकत आणून सोडलेला असू शकतो. म्हणून पहिलं काम काठावरच्या गावात जाऊन संस्थेचं कार्यालय किंवा अध्यक्ष शोधणं. नीट विचारलं की बहुतेक वेळा माणसं आनंदाने सांगतात : कुठे जाळी लावलेली असतात, कुठे जायचं नाही, किती मासे नेले तर चालतील. पावती असेल तर पावती फाडा. होडी उतरवण्याची परवानगी हा वेगळा मामला आहे, तो जलसंपदा विभागाकडे. मुळशी आणि वळवण ही टाटांची वीजनिर्मितीची धरणं, तिथे त्यांचे नियम.

काही पाणी सरळ वगळा. कोयनेचा शिवसागर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, पैठणचा नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, तानसाही अभयारण्यात आहे. सांगलीकडे कृष्णेत भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत, चिपळूणच्या वाशिष्ठीत आहेत, पवईच्या तलावातही आहेत. कयाकमध्ये तुमचा हात पाण्यापासून वीतभर अंतरावर असतो, एवढं लक्षात घेतलं की पुरे. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहातले मासे देवीचे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राखलेले आहेत. तिथे जाऊन कुरमुरे टाकावेत, मासे बघावेत, परत यावं. आणि कुठल्याही धरणाच्या भिंतीजवळ, दरवाज्यांजवळ, सांडव्याजवळ होडी नेऊ नये.

शिकायला उजनी चांगली की नाही, यावर मतभेद आहेत. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. पाणी पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. इतकं उघडं पाणी म्हणजे वाऱ्याला मोकळं रान. पण भिगवण, कुंभारगाव, पळसदेवच्या बाजूला आत घुसलेल्या उथळ खाड्या आहेत, तिथे काठ सोडून लांब जावं लागत नाही. मावळातल्या धरणांना डोंगराचा आडोसा असतो, पाणी जास्त स्वच्छ असतं, पण काठ लगेच खोल होतो. पहिल्या तीन रविवारांसाठी मी पवनेच्या काठचं भाड्याचं कयाक सुचवीन. विकत घ्यायची घाई नको.

होडी

कयाकचे दोन मुख्य प्रकार. एकात आत पाय घालून बसतात, दुसऱ्यात वरच बसतात. मासेमारीसाठी वर बसायचा प्रकार घ्या. तो उलटला तरी भरून बुडत नाही, तळाच्या भोकांतून पाणी आपोआप निघून जातं, आणि पाण्यातून परत वर चढता येतं. लांबी १० ते १२ फूट, रुंदी ३० ते ३४ इंच. याहून अरुंद कयाक पळते छान, पण मासा जाळीत घेताना घाम फोडते. वजन २५ ते ३५ किलोच्या घरात जातं, म्हणजे गाडीच्या टपावर चढवायला दुसरा माणूस लागतो. हवा भरायचे कयाक डिकीत मावतात, हलके असतात, पण बाभळीच्या काट्यांच्या पाण्यात मी ते नेणार नाही. उन्हाळ्यात उजनी ओसरली की बुडालेल्या झाडांचे खुंट अगदी पाण्याच्या पृष्ठभागाखाली येतात.

रुंद कयाकला लांब वल्हं लागतं, २३० ते २४० सेंटिमीटरचं. आखूड वल्ह्याने प्रत्येक फटक्याला बोटं कडेवर आपटतात.

लाइफ जॅकेट अंगात घालायचं, आणि पट्टे ओढून. खांदे धरून कुणी वर उचललं तरी ते हनुवटीच्या वर सरकता कामा नये. मागे बांधून ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडलेल्या माणसाच्या काही कामाचं नाही. "मला पोहता येतं" हे उत्तर मी ऐकून घेत नाही. ज्यांना उत्तम पोहता येत होतं अशी माणसं धरणात गेली आहेत. चिखल, तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा), जाळं, थंडीने आलेला गोळा यांना पोहणं पुरत नाही.

इथे आपल्या भोई-कोळी बांधवांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अनेक तलावांवर थर्माकोलचे ठोकळे गोणीत शिवून केलेल्या तराफ्यावर मांडी घालून, हातात फळीचे दोन तुकडे घेऊन माणसं रोज पहाटे जाळी उचलायला जातात. त्यांच्याइतका तोल मला वीस वर्षांत येणार नाही. त्यांना बघत राहा. कंबरेच्या वर सगळं अंग हलतं आणि कंबरेखाली तराफा जागचा हलत नाही. शिकायचं ते हेच आहे.

पहिले तीन रविवार

पहिला रविवार बसण्या-उतरण्याचा. कयाक गुडघाभर पाण्यात आडवी लावा, तिच्याकडे पाठ करा, आधी बूड सीटवर टेकवा आणि मग पाय आत घ्या. आधी एक पाय आत टाकून उभं राहिलात की होडी दुसरीकडे निघून जाते. मग काठाजवळच, कंबरभर पाण्यात, मुद्दाम उलटा. हो, मुद्दाम. होडी सरळ करा, मधोमध पोटावर आडवे पडा, पाय जोरात मारत अंग पलीकडे सरकवा, बेंबी सीटवर आली की पालथ्याचे उताणे व्हा आणि बसा. पाच वेळा करा. दमाल. त्या पाच वेळांनंतर पाण्याची धास्ती निम्मी उतरते, कारण पडल्यावर काय करायचं ते आता अंगाला माहीत असतं.

दुसरा रविवार वल्ह्याचा. नवा माणूस दंडाने वल्हवतो आणि अर्ध्या तासात त्याचे खांदे भरून येतात. जोर कंबरेतून यायला हवा : उजवं पातं पायाच्या बोटांजवळ पाण्यात घाला, सगळं धड उजवीकडे वळवत मांडीपर्यंत ओढा, बाहेर काढा, मग डावं. जात्यावर दळणाऱ्या बाईचं धड जसं फिरतं, तसं. वळायचं असेल तर पातं होडीपासून लांब, अर्धगोल फिरवा. थांबायचं असेल तर उलटं ढकला. एवढ्या तीन गोष्टींवर पहिलं वर्ष निघतं.

तिसऱ्या रविवारी कुठेही न जाता एका जागी थांबायला शिका. ऐकायला सोपं वाटतं. वारा होडी फिरवतो, तुम्ही एका हाताने पातं पाण्यात धरून तिचं नाक जागेवर आणता, दुसरा हात मोकळा. मासेमारीत नेमकं हेच लागतं. या दिवशी जोडीला आपलं नाक आणि बेंबी होडीच्या मध्यरेषेत ठेवायची सवय लावा. डोकं कडेच्या बाहेर गेलं की त्याच्या मागे सगळं अंग जातं.

वारा

भिगवणच्या काठावर एका म्हाताऱ्या काकांनी मला जे सांगितलं, ते मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. "जाताना वारा छातीवर घ्यायचा, येताना पाठीवर. उलटं केलं की संध्याकाळ पाण्यातच." सकाळी ताजे असता तेव्हा वाऱ्याविरुद्ध जा, दमल्यावर वारा घरी आणून सोडेल. बहुतेक जण उलटं करतात, कारण वाऱ्याबरोबर जाणं सोपं वाटतं आणि होडी कशी भरभर चालली म्हणून बरं वाटतं. परतताना तेच अंतर तिप्पट होतं.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा शिकण्याचा हंगाम. सकाळी उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत पाणी आरशासारखं असतं. पाण्यावर दूर काळसर पट्टा सरकताना दिसला की तो वारा आहे. तो तुमच्यापर्यंत यायच्या आत काठाकडे वळा. लाटांची टोकं पांढरी व्हायला लागली तर विचार करत बसू नका, परत फिरा.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर पाण्यावर असूच नये. वळवाचा वारा सांगून येत नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी प्रवासी बोट उजनीत वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. ती मोठी बोट होती, रोजच्या वाटेवरची. आपली तर प्लास्टिकची साडेदहा फुटांची. पश्चिमेला ढग उभे राहिले, हवा एकदम कोंदली, पक्षी खाली आले, की मासा लागो न लागो, दोरा गुंडाळायचा.

जून ते सप्टेंबर होडी घरात. नद्या फुगलेल्या, धरणातून विसर्ग, शिवाय बहुतेक माशांचा विणीचा काळ. तेवढा वेळ त्यांना द्यावा.

वाऱ्याखेरीज तीन धोके नव्या माणसाला कुणी सांगत नाही. एक, शेतकऱ्यांच्या मोटारी. काठाने उपशाच्या मोटारींच्या केबली पाण्यातून गेलेल्या असतात, कधी कधी जोड टेपने गुंडाळलेला असतो. मोटार दिसली की तिच्यापासून लांबून जा, केबल वल्ह्याने उचलून बघू नका. दोन, गाळ. पाणी ओसरल्यावर काठ वरून भेगाळलेला, वाळलेला दिसतो आणि आतून लोण्यासारखा असतो. होडीतून उतरण्याआधी वल्हं रोवून बघा. सहज आत गेलं तर उतरू नका, गुरं पाण्यावर येतात ती वाट शोधा. तीन, जाळी. प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे रांगेत तरंगताना दिसले, तर खाली जाळं आहे. त्याच्या टोकाला वळसा घाला. गळ त्यात अडकला तर आपला दोरा कापा, त्यांचं जाळं नाही.

सामान

यावर लोक तासन्‌तास बोलतात, मी थोडक्यात आटपतो. साडेसहा-सात फुटांचा मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड, २५०० किंवा ३००० आकाराचं रीळ, ०.३० मिलिमीटरचं तंगूस. गळाच्या नंबरात नवे लोक फसतात : नंबर वाढला की गळ लहान होतो, १० नंबरचा ६ पेक्षा बारीक. चिलापी या माशाला ८ किंवा १० पुरतो. थोडं शिसं, पाण्यावर तरंगणारी दोन बुचं, लांब नाकाची पक्कड, आखूड दांड्याची हातजाळी, चाकू, शिट्टी, मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी, दोन लिटर पिण्याचं पाणी. उजनीचं पाणी उन्हाळ्यात हिरवं होतं, ते तोंडात घेऊ नका. अंगात पूर्ण बाह्यांचा सुती नव्हे, लवकर वाळणारा शर्ट, डोक्याला गळ्याखाली बांधायची टोपी. जीन्स नको आणि गमबूट तर नकोच. पाण्याने भरले की पायाला धोंडा बांधल्यासारखे होतात. पोलराइज्ड चष्मा मात्र घ्याच. पाण्यावरची चकाकी जाते आणि खालचा तळ दिसायला लागतो.

सगळं बांधून ठेवा, आणि हाताशी येईल असं समोर ठेवा. मी हे महाग पडून शिकलो. दुसऱ्याच वर्षी मासा लागला असताना हातजाळी मागच्या कप्प्यात होती. मी कंबरेतून वळून हात मागे नेला आणि क्षणात छातीभर पाण्यात उभा होतो. मासा गेला, रॉड गेला, चष्मा गेला. जॅकेट अंगात होतं आणि पाणी छातीभरच होतं, म्हणून एवढ्यावर निभावलं. तेव्हापासून माझ्या मागच्या कप्प्यात फक्त डबा असतो. रॉडला आणि वल्ह्याला हातभर दोरी बांधा, जास्त लांब नको, पायात अडकते.

नांगर म्हणून दीड किलोचा घडीचा नांगर मिळतो. मी गोणपाटाच्या पिशवीत दगड भरून वापरतो, खुंटात अडकला तर पिशवी फाटून दोरी मोकळी होते. नांगराची दोरी होडीच्या नाकाला किंवा शेपटीला बांधायची. मधोमध कडेला बांधली आणि लाट आडवी आली, तर होडी त्या बाजूला कलंडते.

पहिला मासा : चिलापी

चौथ्या रविवारी रॉड घेऊन या, आणि डोक्यात कटला-म्हसीर न ठेवता चिलापीच्या मागे लागा. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, १९५२ साली भारतात आणला गेला, आणि आता उजनीत सगळीकडे आहे. भिगवणला महामार्गावर मासे खायला थांबला असाल तर बहुधा हाच खाल्ला असेल. स्थानिक माशांच्या जागा त्याने बळकावल्या, त्यामुळे चार घरी नेले तर मनाला लागत नाही.

तो शोधायला पोलराइज्ड चष्मा घाला आणि उथळ खाडीत हळू जा. पाणी तापायला लागलं की चिखलाच्या तळात ताटाएवढे गोल, स्वच्छ झाडलेले खड्डे दिसतात. एकाला लागून एक, पंगतीची पानं मांडावीत तसे. ते नराने तोंडाने आणि शेपटीने उकरलेलं घर. प्रत्येकावर एक काळसर नर राखण करत फिरतो, दुसरा आला की अंगावर धावून जातो. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी अर्धा तास गळ न टाकता बघत बसलो होतो. मादी अंडी तोंडात सांभाळते. एकदा हातात आलेल्या मादीच्या ओठांतून बाजरीच्या दाण्याएवढी पिवळी अंडी ओघळली. तिला मी तसंच पाण्यात धरलं आणि सोडलं.

खड्ड्यांच्या थेट वर होडी नेऊ नका. १०-१२ हातांवर, वारा पाठीवर येईल असं थांबा. आधी खोली मोजा : गळाला जड शिसं लावून तळाला टेकवा, बूच सरकवत पाण्याच्या पातळीला आणा, मग शिसं काढून बूच वीतभर खाली घ्या. आता आमिष तळाच्या वीतभर वर लोंबेल. आमिष म्हणजे गांडूळ, अख्खं नको, बोटाच्या पेराएवढा तुकडा, गळाचं टोक जेमतेम झाकेल इतका. गांडूळ मिळालं नाही तर कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मळून चिमूटभर हिंग घातलेली गोळी. जुने गळवाले तोंडाने सांगत नाहीत, पण खिशात हिंगाची पुडी असते.

चिलापी बूच एकदम बुडवत नाही. ते आधी थरथरतं, मग आडवं पडतं किंवा तिरकं सरकतं. सरकायला लागलं की मनगटाने उचला. खांद्याने झटका दिलात तर माशाच्या तोंडातून गळ निघून येईल आणि होडीही डुलेल. पाठीवरचे काटे टोकदार आहेत. ओल्या तळव्याने डोक्याकडून शेपटीकडे काटे मिटवत धरा.

एवढं जमलं की तुम्ही गरवायला शिकलात. कोकणात गळाने मासे धरण्याला गरवणं म्हणतात, मला तो शब्द फार आवडतो. त्यात घाई नाही.

मरळ

आता माझ्या आवडीचा मासा. मरळीला हवेतूनही श्वास घेता येतो. जलपर्णीच्या कडेला, कमळाच्या पानांत, बुडालेल्या कुंपणाशी शांत बसून राहिलात, तर थोड्या वेळाने 'टप्प' असा आवाज येतो आणि पाण्यावर एक वलय उरतं. ती हवा प्यायला आली होती. काठावरून हा आवाज ऐकू येत नाही. कयाकमध्ये बसून मी असे चार-पाच आवाज मोजतो, प्रत्येकाची जागा एखाद्या पानाच्या खुणेने लक्षात ठेवतो, आणि मगच रॉड उचलतो. अर्धी शिकार या ऐकण्यातच होते.

मरळीला रबरी बेडूक वापरायचा, ज्याचे गळ वरच्या बाजूला अंगाला चिकटून असतात, म्हणजे पानांत अडकत नाहीत. इथे तंगूस पुरत नाही, ४० पौंडी वेणीचा दोरा लागतो, कारण लागल्याबरोबर ती झाडोऱ्यात शिरते. बेडूक आवाजाच्या जागेवर टाकू नका, दोन हात पलीकडे टाका आणि पानांवरून खुडखुडत आणा. मोकळ्या पाण्यात आला की थांबवा. मोजा पाचपर्यंत. पाणी फुटतं. इथे सगळे चुकतात. फटका दिसला की हात आपोआप उठतो आणि बेडूक रिकामा परत येतो. "एक, दोन" असं तोंडाने म्हणा, दोऱ्यावर वजन जाणवू द्या, मग ओढा.

मरळीच्या तोंडात दात आहेत. गळ पकडीनेच काढा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पाण्यावर कधी कधी लालसर-केशरी ठिपक्यांचा गोळा फिरताना दिसतो, मूठभर गुलाल टाकल्यासारखा. ती मरळीची पिल्लं. त्यांच्या खाली आई-बाप राखणीला असतात आणि जवळ येईल त्याच्यावर तुटून पडतात, बेडकावरही. म्हणजे त्यांना धरणं अगदी सोपं असतं, आणि म्हणूनच धरू नये. राखणदार गेला की तासाभरात इतर मासे पिल्लांचा फडशा पाडतात. असा गोळा दिसला की वल्हं पाण्याबाहेर ठेवा, बघा, आणि वळा.

मोठा मासा लागला तर

कधी तरी चिलापीच्या बारीक गळाला चार किलोचा कटला लागेल. तेव्हा रिळाचा आवाज होईल, आणि त्यानंतर जे घडेल ते काठावर कधीच घडत नाही : होडी चालायला लागेल. मासा तुम्हाला ओढत नेतो. पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. बैलगाडीत बसावं तसा मी पाण्यावरून संथ निघालो होतो, आणि बैल मला दिसत नव्हता.

घाबरू नका, ओढू द्या. होडी ओढून ओढूनच तो दमतो. रॉड होडीच्या नाकाच्या दिशेने, समोर ठेवा. मासा कडेला गेला तर रॉड न फिरवता वल्ह्याने होडीचं नाक त्याच्याकडे वळवा. दोन्ही पाय कडेबाहेर पाण्यात सोडले तर तोल पक्का होतो. तो होडीखाली शिरला तर रॉडचं टोक पाण्यात बुडवून नाकाला वळसा घालून पलीकडे न्या, नाहीतर रॉड कडेवर मोडतो. हातजाळी आधी पाण्यात बुडवून धरा आणि मासा तिच्यावर आणा. जाळीने माशाचा पाठलाग करू नका.

शिंगाळा लागला तर हात लावण्याआधी थांबा. त्याच्या कल्ल्यामागचे दोन आणि पाठीवरचा एक काटा ताठ उभे असतात आणि लागले तर रात्रभर ठणकतात. पकडीने गळ काढा किंवा दोरा कापा.

मावळाच्या बाजूला खडस, म्हणजे आपला म्हसीर, लागायची शक्यता असते. ब्रिटिश अधिकारी सायक्सने १८३९ साली या माशाची शास्त्रीय नोंद केली ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून, आणि शास्त्रीय नावात 'खुद्री' हा शब्द आहे. आज पुण्याच्या मुठेत तो शोधून सापडणार नाही. लोणावळ्याला वळवणच्या काठी टाटांच्या केंद्रात त्याची पिल्लं वाढवून पाण्यात सोडतात. तुमच्या गळाला लागला, तर हात ओले करा, पाण्यातच गळ काढा, तोंड पुढे करून दोन्ही तळव्यांवर धरा. कल्ले नीट उघडझाप करायला लागले, शेपटीने तळहातावर फटका बसला, की तो गेलाच.

खायला नेणार असाल तर लगेच मारून ओल्या गोणपाटात गुंडाळा. दोरीला ओवून पाण्यात ओढत नेलेला मासा उन्हात मऊ पडतो.

परतल्यावर

निघताना घरी सांगितलेलं असतंच : कुठल्या गावाच्या काठाने उतरतो आहे, किती वाजता बाहेर येणार. काठाला लागल्यावर पहिला फोन तो. मग होडीच्या तळाला, वल्ह्याला, जाळीला चिकटलेले जलपर्णीचे तुकडे तिथेच उन्हात काढून टाका. एक तुकडा दुसऱ्या तलावात गेला तर चार वर्षांत तो तलाव हिरवा होतो. तुटलेल्या तंगुसाचा प्रत्येक तुकडा खिशात घालून आणा. पाय अडकून पडलेला बगळा मी सोडवला आहे, त्याची नडगी दोऱ्याने कापत आणली होती.

आणि एक वही ठेवा. फोटो सगळे काढतात, पण पुढच्या वर्षी त्याच पाण्यात उपयोगी पडते ती वही. माझ्या वहीतली एक नोंद तशीच उतरवतो :

"१४ डिसेंबर. पळसदेवच्या अलीकडची खाडी. पाणी काठाच्या पिंपळापासून ४० पावलं मागे. थंडी. उजाडता उतरलो, वारा पूर्वेचा, साडेआठला वाढला. बाभळींच्या रांगेच्या आत, पाच फुटांवर, गांडूळ, चिलापी ७. तीन ठेवल्या. नऊला जलपर्णीच्या कडेला मरळ चार वेळा वर आली, दोन फटके, दोन्ही घाईने घालवले. दोन म्हणायचं, एकला ओढलं. येताना वारा पाठीवर."